आस-स्थानांतरण, जीप वाहनांतील

जीप व तत्सम जुन्या खडतर मार्गांवरील मोटारगाड्यांचा मागील आस मूळ जागेवरून सांगाड्याच्या लांबीच्या दिशेने मागे (क्वचित पुढे) सरकवून तेथे पुन्हा पक्का बसविण्याच्या क्रियेला मागील आसाचे स्थानांतरण म्हणतात. या क्रियेने पुढील व मागील आसांमधील अंतर बदलते. या अंतराला येथे आसांतर असे म्हटले असून व्यवहारात ते व्हीलबेस या नावाने परिचित आहे. आस काही सेंमी. सरकविणे ही वरवर पाहता साधी गोष्ट वाटते. तथापि आसांतरावर वाहनाची भारविभागणी, चढावरील स्थैर्य, वळणाची त्रिज्या, प्रचालक दंडाचा कोन, गतिरोधकांचा परिणाम आणि सांगाड्यावरील प्रतिबले या सर्व गोष्टी अवलंबून असतात. त्यामुळे हे काम विचारपूर्वक केल्यास आखूड वाहनाचे काही मूळचे दोष कमी होतात. अविचाराने केल्यास पूर्वी नसलेले दोष निर्माण होऊन प्रवाशांच्या जिवाला धोका संभवतो.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालेल्या विलिस एमबी या जीपचे आसांतर ८० इंच (२,०३२ मिमी.) होते. वाहन हलके असावे, अरुंद जागेत वळावे आणि उंचवट्यावर त्याचे पोट टेकू नये, यासाठी आसांतर मुद्दाम कमी ठेवलेले होते. युद्धानंतर नागरी उपयोगासाठी निघालेल्या जीपगाड्यांत व ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रथम प्रदर्शित झालेल्या लँड रोव्हर गाडीतही हेच ८० इंच आसांतर आढळते. लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्या सांगाड्यावरच उभारलेला होता.

आखूड आसांतराच्या मर्यादा लवकरच लक्षात आल्या. मागील भागात माणसे वा माल पुरेसा मावत नसे आणि तीव्र चढावर पुढील चाके हलकी पडत. म्हणून निर्मात्यांनी स्वतःच आसांतर वाढविण्यास सुरुवात केली. लँड रोव्हरचे आसांतर १९५४ मध्ये ८६ इंच व नंतर ८८ इंच झाले. यांपैकी शेवटची दोन इंचांची वाढ नव्या डीझेल एंजिनास जागा करण्यासाठी पुढच्या बाजूला केलेली होती, हे लक्षणीय आहे. म्हणजे आसांतर वाढविण्यासाठी दर वेळी मागील आसच सरकविला जातो असे नाही. जीपच्या सीजे-५ या प्रतिमानाचे आसांतर ८१ इंच होते. त्याच धाटणीच्या सीजे-६ मध्ये ते १०१ इंच करण्यात आले. १९७२ मध्ये सीजे-५ मध्ये सहा सिलिंडरांचे लांब एंजिन बसविताना आसांतर सु. ८३·५ इंच झाले, तर १९७६ मध्ये निघालेल्या सीजे-७ मध्ये ते सु. ९३·४ इंच ठेवण्यात आले. सीजे-७ हे प्रतिमान स्थानांतरणाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. कारण आसांतरात सु. १० इंचांची वाढ केल्यावर आखूड जीपचे चापल्य बव्हंशी टिकून चढावरील स्थैर्य वाढते, हे त्यावरून दिसून आले.

दरम्यान हौशी वाहनचालकांमध्ये जुन्या जीपगाड्या खडकाळ वाटांवरून नेण्याचा छंद रुजला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रूबिकन वाटेवर १९५३ पासून आणि यूटा राज्यातील मोॲब येथे १९६७ पासून अशा गाड्यांचे वार्षिक मेळावे भरत आले आहेत. या छंदातून जुन्या सीजे-५ सारख्या वाहनाचा मागील आस मागे नेऊन त्याला सीजे-७ च्या जवळचे आसांतर देण्याची प्रथा वाढली. स्थानांतरणाचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे मूळ एंजिन वा दंतचक्रपेटी काढून तेथे अधिक लांबीची बसविणे. अशा बदलामुळे मागील प्रचालक दंडासाठी उरणारी जागा इतकी कमी होते की, आस मागे नेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मोठ्या व्यासाचे टायर बसविल्यावर ते चाकाच्या कमानीस घासू नयेत, हे तिसरे कारण होय.

मूळ रचना : जुन्या जीप जातीच्या वाहनांत मागील आस अखंड व दृढ असतो. त्याच्या पोकळ आवरणात मध्यभागी वा एका बाजूस भेदी दंतचक्रमाला (डिफरन्शियल) असते व तीतून दोन्ही चाकांकडे अर्धदंड जातात. आस दोन्ही बाजूंस कमानपाट्यांवर यू-बोल्टांनी आवळलेला असतो. कमानीतील सर्व पाटे मध्यबोल्टाने एकत्र धरलेले असतात आणि या बोल्टाचे डोके आसावरील बैठकीच्या छिद्रात बसते. आसाची लांबीच्या दिशेतील जागा यू-बोल्टांच्या आवळण्याबरोबरच या छोट्या डोक्यामुळे निश्चित होते. कमानीचे एक टोक सांगाड्यावरील स्थिर कंसाला व दुसरे टोक झुलत्या शॅकलला जोडलेले असते. कमान दबली की तिची लांबी वाढते व शॅकल झुलून ती वाढ सामावून घेतो.

या रचनेत कमानपाट्यांना तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. ते वाहनाचा भार उचलतात, आसाला पुढेमागे व आडवे सरकू देत नाहीत आणि चाकांना शक्ती मिळताना आसाच्या आवरणाला बसणारा उलटा पीळही तेच सोसतात. म्हणून आसाची जागा बदलताना कमानीकडे केवळ भार पेलणारा भाग म्हणून पाहून चालत नाही.

जीपमध्ये शक्ती दंतचक्रपेटीतून हस्तांतरण पेटीत येते आणि तेथून पुढील व मागील आसांकडे स्वतंत्र प्रचालक दंडांनी जाते. मूळ जीपमध्ये मागील आसाकडे जाणारा दंड मध्यरेषेच्या उजवीकडून निघतो व त्यानुसार मागील भेदी दंतचक्रमालाही उजवीकडे सरकलेली असते. मध्यभागी दंतचक्रमाला असलेला दुसऱ्या गाडीचा आस अशा वाहनाला बसविल्यास प्रचालक दंड उभ्या पातळीबरोबरच आडव्या पातळीतही तिरपा होतो. सांध्याचा एकूण कोन ठरविताना हे दोन्ही तिरपेपणा विचारात घ्यावे लागतात.

भारविभागणीवरील परिणाम : वाहनाचा गुरुत्वमध्य पुढील आसापासून ज्या अंतरावर असेल, त्या अंतराला आसांतराने भागले असता एकूण भाराचा किती अंश मागील चाकांवर पडतो ते मिळते. उदा., १,२०० किग्रॅ. भाराच्या, २,००० मिमी. आसांतराच्या वाहनाचा गुरुत्वमध्य पुढील आसाच्या १,१०० मिमी. मागे असल्यास मागील चाकांवर ६६० व पुढील चाकांवर ५४० किग्रॅ. भार पडतो. मागील आस २५० मिमी. मागे नेल्यास मागील चाकांवरील भार सु. ५८७ किग्रॅ. पर्यंत उतरतो आणि पुढील चाकांवरील भार सु. ६१३ किग्रॅ. होतो. आसाचे व चाकांचे स्वतःचे वजनही मागे जात असल्याने प्रत्यक्ष फरक यापेक्षा काहीसा कमी असतो. तथापि आस मागे नेला की मागील चाकांवरचा भार कमी होतो, ही अनेकांना अनपेक्षित वाटणारी गोष्ट या कामाच्या मुळाशी आहे.

चढावर हा फरक उपयोगी पडतो. वरील वाहनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमी. उंच आहे असे मानल्यास ३० अंशांच्या चढावर उभे असताना मूळ स्थितीत त्याच्या पुढील चाकांवर एकूण भाराच्या सु. २१ टक्के भार राहतो, तर स्थानांतरणानंतर तो सु. २९ टक्के होतो. पुढील चाके दाबून चालल्याने सुकाणू नीट काम करते व चारही चाकांची शक्ती जमिनीला मिळते. उभे वाहन मागच्या मागे उलटण्याचा सैद्धांतिक कोनही सु. ५२ अंशांवरून सु. ५९ अंशांपर्यंत वाढतो. वेग वाढविताना किंवा खडकावर चाक आपटताना वाहन याहून बऱ्याच कमी कोनात उलटू शकते, म्हणून हे आकडे सुरक्षिततेची हमी न मानता केवळ तुलनेसाठी घ्यावयाचे असतात.

उतारावर मात्र असा लाभ होत नाही. तेथे वाहन पुढील चाकांवरून पालथे होण्याचा धोका असतो व तो गुरुत्वमध्यापासून पुढील आसाच्या अंतरावर अवलंबून असतो. मागील आस हलविल्याने ते अंतर जवळजवळ तेच राहते. त्याचप्रमाणे वळणावर बाजूला कलंडण्याचा धोका मुख्यतः डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरतो. आसांतर वाढविलेली जीप कोणत्याही प्रकारे उलटणार नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. स्थानांतरणाबरोबर कमानी उंच करून मोठे टायर बसविल्यास गुरुत्वमध्य वर जातो व बाजूला कलंडण्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो.

मागील आसाच्याही मागे बसणाऱ्या प्रवाशांचा भार तरफेप्रमाणे पुढील चाके उचलण्याचा प्रयत्न करतो. उदा., आसाच्या ३०० मिमी. मागे बसलेले २४० किग्रॅ. वजनाचे प्रवासी वरील वाहनाच्या पुढील चाकांवरून ३६ किग्रॅ. भार कमी करतात. आस २५० मिमी. मागे गेल्यावर हाच आकडा सु. ५ किग्रॅ. होतो. मागे समोरासमोर बाके असलेल्या प्रवासी जीपमध्ये याचे महत्त्व सहज कळून येते.

भूमितीय परिणाम : आसांतर वाढल्याने वळणाची त्रिज्या त्याच प्रमाणात वाढते. पुढील बाहेरचे चाक २८ अंशांपर्यंत वळत असल्यास २,००० मिमी. आसांतराच्या वाहनात त्या चाकाच्या मार्गाची त्रिज्या सु. ४·२६ मी. व २,२५० मिमी. आसांतरात सु. ४·७९ मी. येते. वळणात मागील चाके पुढील चाकांच्या मार्गापेक्षा आतून जातात; हा फरकही वाढतो, त्यामुळे अरुंद घाटवाटेवर मागील आतले चाक कडेला घासण्याचा संभव असतो. शिवाय पुढील चाकांना जोडणाऱ्या बाहूंच्या रेषा मूळ रचनेत साधारणपणे मागील आसाच्या मध्याकडे रोखलेल्या असतात. आस मागे गेला की हा मेळ बिघडतो. परंतु आसांतरातील वाढ दहा-बारा टक्क्यांपर्यंत असल्यास टायरांच्या झिजेवर त्याचा परिणाम अल्प असतो.

वाहनाचे पोट उंचवट्यावर टेकण्याचा कोन आसांतर वाढल्यावर कमी होतो. दोन्ही आसांच्या मध्यावर २२० मिमी. मोकळी उंची असल्यास हा कोन वरील उदाहरणात सु. २५ अंशांवरून सु. २२ अंशांवर येतो. तो पूर्ववत राखण्यासाठी मोकळी उंची सु. २८ मिमी. ने वाढवावी लागते. उलटपक्षी आसामागे लोंबणारा भाग कमी झाल्याने खड्ड्यातून वा पायरीवरून उतरताना मागचे टोक जमिनीला लागण्याची शक्यता कमी होते. पुढच्या टोकाच्या कोनात काही फरक पडत नाही.

स्थानांतरणाच्या पद्धती : आस किती सरकवावयाचा यावर पद्धत ठरते. सु. २५ मिमी. पर्यंतच्या अंतरासाठी आसावरील बैठकीत मध्यबोल्टाच्या डोक्यासाठी दुसरे छिद्र पाडणे किंवा अधिक लांब बैठक बसविणे पुरेसे होते. यू-बोल्टांची तळपट्टी व धक्काशोषकांचे कंस त्यानुसार बदलावे लागतात. छिद्र बैठकीच्या कडेला फार जवळ गेल्यास बैठक तडकते, हीच या पद्धतीची मर्यादा होय.

याहून जास्त, साधारण ५० ते १०० मिमी. अंतरासाठी मध्यबोल्ट मध्यावर नसलेल्या कमानी वापरतात. अशा कमानीचा पुढचा हात लांब व मागचा आखूड असतो. १,१०० मिमी. लांबीच्या कमानीत मध्यबोल्ट ५० मिमी. ने मागे नेल्यास कमानीचा ताठपणा दोन टक्क्यांहूनही कमी वाढतो, तर १०० मिमी. साठी ही वाढ सु. सात टक्के होते. लांब पुढच्या हातामुळे आसाच्या पिळाला मिळणारा प्रतिसाद बदलतो व जोरदार शक्ती देताना कमान इंग्रजी एस् अक्षरासारखी वाकण्याची प्रवृत्ती वाढते. हा दोष टाळण्यासाठी काही वेळा आसाला सांगाड्याशी जोडणारा स्वतंत्र पीळरोधक बाहू बसवितात. या पद्धतीचा मोठा गुण असा की, सांगाडा कापावा लागत नाही व मूळ कमानी परत बसवून वाहन पूर्वस्थितीत आणता येते.

२०० मिमी. वा त्याहून अधिक अंतरासाठी कमानींचे स्थिर कंस व शॅकलचे कंस सांगाड्यावरून काढून मागे बसवावे लागतात. बहुधा मागील शॅकलसाठी सांगाड्याची लांबी अपुरी पडते व तो वाढवावा लागतो. अनेक जण या वेळी मूळच्या आखूड कमानींऐवजी अधिक लांब कमानी बसवितात. लांब कमान तेवढ्याच भाराला अधिक मऊ बनविता येते आणि चाक जास्त वरखाली जाऊ शकते. शॅकलचा कोन या वेळी काळजीपूर्वक ठरवावा लागतो. वाहन स्वतःच्या भाराने उभे असताना शॅकल कमानीच्या लांब होण्याच्या दिशेला मोकळा झुलू शकला पाहिजे. तो उलट बाजूस कललेला असल्यास कमान दबताना अडकते व धक्का थेट सांगाड्यावर येतो.

सांगाडा : जीप जातीच्या वाहनाचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन उभ्या तुळया व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी त्याची रचना असून लँड रोव्हरमध्ये तुळया पोलादी पत्रे वितळजोडाने जोडून चौकटी पेटीसारख्या केलेल्या असतात. आसांतर वाढविल्याने तुळयांवरील नमन परिबल वाढते. मध्यावर एकवटलेल्या तेवढ्याच भारासाठी २,००० ऐवजी २,२५० मिमी. आसांतरात ही वाढ साडेबारा टक्के असते. नमनामुळे उद्भवणारी सर्वांत मोठी प्रतिबले तुळयांच्या वरच्या व खालच्या कडांत असतात, म्हणून त्या कडांत छिद्रे पाडणे किंवा त्यांवर आडवा वितळजोड घेणे टाळतात. कंस शक्य तितके उभ्या बाजूवर बसवितात. तुळई वाढविताना जोड सरळ आडवा न घेता तिरपा घेतात व त्यावर दोन्ही टोकांना निमुळती केलेली जोडपट्टी बसवितात. असे केल्याने ताठपणा एकाएकी बदलत नाही व शिणवट्याने तडा जाण्याची शक्यता कमी होते. जिथून कंस काढला तेथील जुनी छिद्रे व वितळजोडाचे अवशेष साफ करणे तितकेच आवश्यक असते.

जुन्या वाहनात गंज हा स्वतंत्र शत्रू असतो. पेटीसारख्या तुळया आतून गंजतात व बाहेरून शाबूत दिसतात. हातोडीने ठोकून पाहिल्यास गंजलेल्या जागी भरीव ठणठणाट येत नाही. अशा तुळईला नवा कंस जोडणे म्हणजे कुजलेल्या वाशाला झोपाळा टांगण्यासारखे होय. वितळजोडकामापूर्वी इंधनाची टाकी काढून दूर ठेवणे व विद्युत् घटमालेची जोडणी सोडणे अनिवार्य आहे. मूळ जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, ही गोष्ट या संदर्भात विसरून चालत नाही.

प्रचालक दंड व सांधे : आखूड जीपच्या मागील प्रचालक दंडाचा कोन मुळातच मोठा असतो. हस्तांतरण पेटीतून निघणारा दंड आसावरील दंडापेक्षा १५० मिमी. उंच व त्यांतील अंतर ५०० मिमी. असल्यास सांध्याचा कोन सु. १७ अंश होतो. लांब दंतचक्रपेटी बसविल्याने हे अंतर ३८० मिमी. झाल्यास कोन सु. २१·५ अंशांवर जातो. उलट आस मागे नेऊन ते ७५० मिमी. केल्यास कोन सु. ११ अंशांपर्यंत उतरतो. दोन प्रचालक दंडांना जोडणारा क्रॉसयुक्त सांधा कोनात फिरताना एकसमान गती देत नाही. प्रत्येक फेऱ्यात चालित दंडाची गती दोनदा वाढते व दोनदा कमी होते. १७ अंशांना हा चढउतार दोन्ही बाजूंस सु. चार टक्के, २१·५ अंशांना सु. सात टक्के, तर ११ अंशांना सु. दोन टक्केच असतो. कंपन, क्रॉसच्या बेअरिंगांची झीज आणि आवाज यांचे मूळ या चढउतारात आहे. स्थानांतरणाने होणारा हा लाभ पुष्कळदा चढावरील स्थैर्याइतकाच मोलाचा ठरतो.

दंडाच्या दोन टोकांच्या सांध्यांतील चढउतार परस्परांना छेदून जावेत यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. एक म्हणजे दोन्ही सांध्यांचे कोन समान असले पाहिजेत. म्हणजेच हस्तांतरण पेटीचा निर्गम दंड व आसावरील लहान दंतचक्राचा दंड परस्परांस समांतर हवेत. दुसरी म्हणजे प्रचालक दंडाच्या दोन्ही टोकांचे द्विभुज एकाच पातळीत असले पाहिजेत. दंड कापून लांब करताना एक द्विभुज किंचित फिरला तरी दुसरी अट मोडते. म्हणून कापण्यापूर्वी नळीवर सरळ खूण करून ठेवतात व जोडल्यानंतर दंडाचा समतोल यंत्रावर तपासून घेतात. एका टोकाला जोडसांधा असलेला दंड वापरल्यास मात्र आसावरील दंतचक्राचा दंड हस्तांतरण पेटीच्या दिशेने जवळजवळ सरळ रोखावा लागतो. आसाचा हा कल त्यावरील बैठकींनी ठरतो, म्हणून बैठका आधी केवळ टाचून, पूर्ण भारावर कोन मोजून मगच त्यांचा अंतिम वितळजोड घ्यावा लागतो.

प्रचालक दंडात एक सरकता सांधा असतो. कमान पूर्ण दबली असता तो आतून टेकू नये आणि आस पूर्ण लोंबला असता निसटू नये, एवढी त्याची लांबी हवी. ही तपासणी कागदावर न करता वाहन उचलून आस प्रत्यक्ष दोन्ही टोकांपर्यंत नेऊन करतात. मागील आस दुसऱ्या गाडीचा बसविल्यास त्यातील दंतचक्रांचे गुणोत्तर पुढील आसाइतकेच असले पाहिजे. जुन्या जीपच्या हस्तांतरण पेटीत पुढील व मागील आसांमध्ये भेदी दंतचक्रे नसल्यामुळे गुणोत्तर वेगळे असल्यास चारचाकी शक्ती जोडताच सर्व दंतचक्रे ताणाखाली येऊन मोडतात.

गतिरोधक : आस मागे गेल्यावर गतिरोधकाची लवचिक नळी पुरत नाही. ती ओढून लावणे अत्यंत धोक्याचे असते, कारण आस लोंबताच ती तुटते. धातूची नळी वाढवून लवचिक नळी मूळ ढिलाईसह बसवावी लागते. मूळ जीप व जुन्या लँड रोव्हर यांत हातब्रेक चाकांवर नसून हस्तांतरण पेटीच्या मागे प्रचालक दंडावर असतो. त्यामुळे त्याची तार वाढवावी लागत नाही. परंतु केवळ मागील चाकांना शक्ती जोडलेली असताना मागील प्रचालक दंड निखळला तर हातब्रेक वाहनाला मुळीच धरू शकत नाही. दंडाच्या जोडणीवर उभ्या वाहनाची सुरक्षितताही अशा प्रकारे अवलंबून असते.

गतिरोधकांच्या समतोलाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वेग कमी करताना भार पुढे सरकतो. वरील वाहनात गुरुत्वत्वरणाच्या ०·६ पट मंदन असताना मूळ स्थितीत २५२ किग्रॅ. व स्थानांतरणानंतर २२४ किग्रॅ. भार पुढे जातो. हा लाभ दिसत असला, तरी मागील चाकांवरील स्थिर भार आधीच कमी झालेला असल्याने त्यांवर उरणारा भार ४०८ वरून सु. ३६३ किग्रॅ. वर येतो. म्हणजे मागील गतिरोधक पूर्वीइतकेच प्रभावी ठेवल्यास ओल्या रस्त्यावर मागील चाके लवकर थिजून गाडीचे शेपूट फिरण्याची शक्यता वाढते. म्हणून रिकाम्या वाहनाची चाचणी मोकळ्या जागेत, कमी वेगापासून सुरुवात करून घेणे आणि गरजेप्रमाणे मागील गतिरोधकांचा जोर कमी करणे इष्ट ठरते.

मापन व तपासणी : नव्या जागी आस वाहनाच्या मध्यरेषेला काटकोनात असला पाहिजे. डाव्या व उजव्या बाजूंची आसांतरे आणि सांगाड्यावरील समान खुणांपासूनचे दोन्ही कर्ण मोजून हे ठरवितात. एक मीटर अंतरावरील दोन कमानींत १० मिमी. चा फरक राहिला, तर २,२५० मिमी. आसांतरात मागील चाकांची दिशा पुढच्या बाजूस सु. २२ मिमी. ने चुकते. असे वाहन खेकड्यासारखे तिरके चालते, सुकाणू सतत एका बाजूला धरावे लागते व टायर झिजतात. यू-बोल्ट काही शे किलोमीटर धावल्यावर पुन्हा आवळावे लागतात, कारण कमानपाटे व बैठका परस्परांत बसत असताना आवळ सैल पडतो. दबावरोधक रबरी ठोकळे, धक्काशोषकांची लांबी आणि धूरनळीचे आसापासूनचे अंतर यांचीही याच वेळी खात्री करून घेतात.

भारतातील परिस्थिती : मुंबईतील महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची भारतात जुळणी सुरू केली व पुढे सीजे-३बी ही ८० इंच आसांतराची जीप दीर्घकाळ येथेच बनविली. प्रवासी व मालवाहतुकीच्या गरजेमुळे कंपनीने अधिक आसांतराची वाहनेही काढली. लष्कराने लिलावात विकलेल्या जीपगाड्या विकत घेऊन त्यांत बदल करण्याचा व्यवसायही देशात फोफावला. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

तथापि भारतात आसांतर ही वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील एक नोंद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मालकास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालवावयाच्या वाहनात सांगाडा कापून आस हलविणे हा कायद्याचाही प्रश्न होतो व अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागील आसामागे लोंबणारा भाग आसांतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. आस पुढे सरकविल्यास ही मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो. नोंदणीकृत रस्त्यावरील वाहनापेक्षा खाजगी जमिनीवर वा स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावर वापरावयाच्या वाहनापुरतेच असे काम मर्यादित ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

जुन्या जीपगाड्यांना आता ऐतिहासिक मूल्यही प्राप्त झाले आहे. युद्धकालीन वा पहिल्या पिढीतील मूळ सांगाडा एकदा कापला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही. यामुळे अशा वाहनात मध्यबोल्ट सरकविलेल्या कमानींसारखी परत फिरविता येणारी पद्धत निवडावी, काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत आणि केलेल्या बदलांची मोजमापांसह नोंद ठेवावी, असा संकेत जाणकारांत रूढ आहे. सांगाडा कापण्याची गरज भासत असेल, तर आधीच गंजून निकामी झालेले वाहन त्यासाठी निवडणे हेच उचित होय.